तुझी पाठ आणि काकूंची पाठ

नाशिक,
७ डिसेंबर

प्रिय विनू,

तुझा एमआरआयचा रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर आला आणि पाठोपाठ व्हॉइस नोटांची माळ. ऐकल्या सगळ्या. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. जमलं तर उभ्यानं वाच, कारण तू हल्ली जेवायलासुद्धा उठत नाहीस असं वहिनी सांगत होत्या.

आधी तुझं उरकतो. एल४-एल५ला, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये, डिस्क सरकून डावी नस दबलीय, आणखी दोन ठिकाणी बल्ज, म्हणजे चकतीला फुगवटा आहे, आणि खाली ‘डीजनरेटिव्ह चेंजेस’, म्हणजे झीज, असं लिहिलंय. ते वाचून तू मृत्युपत्राच्या गोष्टी करायला लागलास. अरे, पन्नाशीच्या माणसाच्या एमआरआयमध्ये काहीच निघालं नाही तर मलाच नवल वाटतं. पाठ अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या तपासण्यांचा एक मोठा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात पन्नाशीतल्या सुमारे ६० टक्के लोकांत बल्ज होता आणि ८० टक्के लोकांत झीज. तरी ती माणसं मजेत हिंडत-फिरत होती. तेव्हा बाकीचा रिपोर्ट मिटून ठेव. तुझ्या कामाची ओळ एकच, एल४-एल५ची.

दोन मणक्यांमधली चकती म्हणजे उकडीचा मोदक समज. बाहेर चिवट पारी, आत मऊ सारण. वाकून वजन उचलताना, कधी नुसतं जोरात शिंकतानाही पारीला चीर जाते आणि सारण मागे सरकून नसेला टेकतं. कंबरेच्या शेवटच्या दोन चकत्यांवर भारही जास्त आणि हालचालही जास्त, म्हणून बहुतेकांचं तिथंच बिनसतं. तुझी कळ कुल्ल्यातून निघून पोटरीच्या बाहेरच्या बाजूनं अंगठ्यापर्यंत उतरते, तो याच नसेचा रस्ता. हिलाच सायटिका म्हणतात. आता तुला कुणी सांगितलं नसेल ते सांगतो. बाहेर आलेलं ते सारण शरीर पुष्कळदा हळूहळू शोषून घेतं. सहा ते बारा आठवड्यांत बहुतेकांची कळ ऑपरेशनविना ओसरते.

पण झोपून राहिल्यानं ती लवकर ओसरत नाही. १९९९ साली नेदरलँड्समध्ये सायटिकाच्याच पेशंटांवर हे तपासून पाहिलं. काहींना दोन आठवडे अंथरुणात ठेवलं, काहींना जमेल तसं वावरू दिलं. दोन्हीकडे गुण सारखाच. मग स्नायू का वाळवायचे? घरातल्या घरात चाल, दर अर्ध्या तासानं खुर्चीतून ऊठ. जमिनीवर सतरंजी टाकून झोपायचं व्रतही सोड, साधी मध्यम कडक गादी पुरते. पट्टा प्रवासात लाव, दिवसभर नको.

इथं सध्या द्राक्षबागांत विरळणी चालू आहे. मंडपाखाली मान वर, हात वर, असं सकाळपासून संध्याकाळपर्यंत काम. दिंडोरी-निफाडकडच्या बायका माझ्याकडे येतात आणि पहिलंच वाक्य असतं, “मणक्यात गॅप पडलाय.” मानेचे स्नायू नुसते दगड झालेले असतात. शेक, थोडे व्यायाम आणि अधूनमधून हात खाली घेणं, एवढ्यावर बऱ्याच जणींना आराम पडतो. हाताला मुंग्या येतात किंवा पकडीतून कात्री गळून पडते म्हणाली की मात्र मी तिला लगेच हाडांच्या डॉक्टरकडे धाडतो. (मुकादमाला मधली सुट्टी वाढवायला सांगून पाहिलं. त्यानं मलाच चहा पाजून वाटेला लावलं.)

तुझ्यासाठीही अशा काही खुणा आहेत. चालताना डाव्या पायातली चप्पल आपोआप निसटायला लागली, म्हणजे पाऊल वर उचललं जात नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठ. लघवी अडली किंवा कळायच्या आत झाली, सायकलच्या सीटवर टेकतो तो भाग बधिर वाटला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल. तिथं तास मोजले जातात. रोज संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणं, रात्री वाढणारी पाठदुखी असं असेल तर मणक्याचा टीबी शोधावा लागतो. आपल्याकडे तो अजून भरपूर आहे. यातलं तुला काहीही नाही, मी विचारून घेतलंय.

झालं तुझं. आता ज्यासाठी खरं म्हणजे पत्र लिहायला बसलो ते.

परवा पंचवटीत काकूंकडे गेलो होतो. “त्याला काही सांगू नकोस हं, त्याचीच पाठ दुखतेय,” असं त्यांनी बजावलंय. तरी सांगतो. त्या वाकल्यात, विनू. तू दर दोन-तीन महिन्यांनी बघतोस, शिवाय वय झालं की माणूस वाकतोच असं आपण धरून चालतो. साखरेचा डबा फडताळाच्या वरच्या कप्प्यातून खाली आलाय. मला म्हणाल्या, “हल्ली साड्या लांब काढतात की काय, निऱ्या किती खोचाव्या लागतात!” मी त्यांना टाचा लावून भिंतीला उभं केलं. डोकं भिंतीला टेकेना, मध्ये माझी मूठ सहज गेली. मग त्यांनी ट्रंकेतून जिल्हा परिषदेच्या नोकरीला लागतानाचं फिटनेस सर्टिफिकेट काढलं. त्यावर उंची १५४ सेंटिमीटर. मी पट्टी धरली तर १४८.

वयानं थोडी उंची घटतेच, पण चार सेंटिमीटरच्या वर घटली की मणके चेपलेत का ते पाहायचं असतं. पडायला लागत नाही त्यासाठी. हाडं ठिसूळ झाली की बादली उचलली, खाली वाकलं, एवढ्यानंही मणका पुढच्या बाजूनं दबतो. थोडे दिवस पाठीत उसण भरल्यासारखं होतं, बाम चोळतात, विसरतात. पुढच्या बाजूनं दबल्यामुळे माणूस पुढे झुकत जातो.

आणि गेल्या पावसाळ्यात त्या मागच्या अंगणात घसरल्या होत्या ना, मनगट मोडलं होतं? प्लास्टर घातलं, काढलं, विषय संपला. उभ्या उंचीवरून पडून सत्तरीतल्या बाईचं मनगट मोडतं तेव्हा सगळ्याच हाडांची चौकशी करायला हवी होती. ती कुणी केली नाही. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन उतरतं आणि हाड झिजण्याचा वेग भरून येण्याच्या वेगाला मागे टाकतो. हे आतल्या आत चालतं, ठणका नाही, सूज नाही. म्हणून तुझ्या कळ मारणाऱ्या पायापेक्षा मला काकूंच्या न दुखणाऱ्या हाडांची काळजी आहे. मनगट, मणका, आणि पुढचा नंबर खुब्याचा. खुबा मोडला तर अंथरूण, आणि त्या वयात अंथरुणातून उठणं किती अवघड असतं ते तुझ्या आजीच्या वेळी आपण पाहिलंय.

तेव्हा डेक्सा स्कॅन करायचा, म्हणजे हाडांची घनता मोजायची. दुखत नाही, फार वेळ लागत नाही. त्यात टी-स्कोअर येतो, म्हणजे तरुण निरोगी हाडांच्या तुलनेत आपली हाडं कुठे आहेत त्याचा आकडा. उणे अडीच किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होण्याचा आजार. पाठीचा साधा एक्स-रे, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी आणि किडनीच्या तपासण्याही सोबत. औषधं चांगली आहेत. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी असते, उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहाही नाही. काकू पहाटेचा चहा अर्धा तास लांबवतील यावर माझा विश्वास नाही. त्यांच्यासाठी वर्षातून एकदाचं सलाइनमधलं इंजेक्शन कदाचित बरं पडेल, पण ते डॉक्टर ठरवतील. रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या आसपास असतं, तेव्हा भाकरी सुरू करायला सांगितलीय. दूध-दही त्या घेतातच.

तोवर एक काम कर. पाठ चोळून ‘मणके बसवून’ देणारा कुणीतरी त्या वाड्यात येतो म्हणे. काकूंच्या पाठीला त्यानं हात लावता कामा नये. तू फोन करून सांग, माझं त्या ऐकत नाहीत. न्हाणीघरातल्या शहाबादी फरशीवर रबरी मॅट टाकलीय, दांडा बसवायला प्लंबरला सांगून ठेवलंय.

पुढच्या आठवड्यात ये. गाडी स्वतः चालवू नकोस, एसटीनं ये, आणि नारायणगाव, संगमनेर, सिन्नर, जिथं गाडी थांबेल तिथं उतरून चार पावलं टाक. काकूंच्या मनगटाचे जुने एक्स-रे तुझ्याकडेच आहेत, ते आण. स्कॅनची वेळ घेऊन ठेवतो, फक्त दिवस कळव. काकूंना मी सांगितलंय की तू तुझी पाठ दाखवायला येतोयस.

तुझा,
श्रीकांत