सॉफ्टवेअर बंद कसं करायचं हेही शिकवा की

मा. संपादक साहेब, नमस्कार.

कॉलेजच्या पोरांचे प्रोजेक्ट, स्टार्टअप वगैरेच्या बातम्या तुम्ही नेहमी छापता म्हणून हे पत्र तुम्हालाच पाठवतोय. मी दुकानांमधले कॉम्प्युटर, बिलिंग, प्रिंटर सांभाळतो आणि रोजची रड एकच, फुलीवर क्लिक करून सॉफ्टवेअर बंद केलं, विंडो गेली, पण परत उघडायला गेलं की "प्रोग्रॅम आधीच चालू आहे". टास्क मॅनेजरमध्ये (विंडोजमधली चालू प्रोग्रॅमांची यादी) बघावं तर प्रोसेस, म्हणजे तोच चालू प्रोग्रॅम, आत ठाण मांडून बसलेली. मग दुकानदार काय करतो, एंड टास्क, नाहीतर पॉवरचं बटण दाबून धरतो, समोर गिऱ्हाईक उभं असतं त्याला तरी दुसरं काय सुचणार.

यावर नव्या प्रोग्रॅमरांचं ठरलेलं उत्तर असतं, प्रोसेस मेली की ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम, विंडोज वगैरे) सगळं साफ करते. अहो ते अर्धंच खरं आहे. मेमरी परत घेते, उघड्या फाइली (हँडल) आणि नेटवर्कच्या जोडण्या (सॉकेट) बंद करते, त्यामुळे बाहेर पडताना एकेक बाइट फ्री करत बसायची खरंच गरज नाही. पण प्रोग्रॅमच्या बफरमध्ये (फाइलीत जायच्या आधीची तात्पुरती जागा) अडकलेलं लिखाण, मागे राहिलेल्या टेम्प फाइली, लॉक फाइल (प्रोग्रॅम चालू असल्याची खूण), यातलं ओएसला काही कळत नाही. ते त्या त्या लायब्ररीला (प्रोग्रॅममध्ये वापरलेला तयार कोड) माहीत, आणि ती तरी कधी करणार, तर तिचं क्लोज किंवा क्लीनअप (बंद करायचं, आवरायचं फंक्शन) कोणी कॉल केलं तर.

डेटा साठवणाऱ्या एसक्यूलाइट या लायब्ररीचंच घ्या, बरीच छोटी सॉफ्टवेअरं त्यावरच चालतात. तिचा डब्ल्यूएएल (राइट-अहेड लॉग, म्हणजे आधी वेगळ्या फाइलीत लिहायचं) मोड चालू असेल तर नवीन एन्ट्री आधी शेजारच्या डब्ल्यूएएल फाइलमध्ये जातात आणि साधारण १००० पानं (डेटाचे ठरावीक तुकडे) जमली की मग मुख्य फाइलमध्ये उतरतात. एक पान सहसा ४०९६ बाइटचं, म्हणजे झाले चारेक एमबी, आणि लहान किराणा दुकानात दिवसभरात तेवढं जमेलच असं नाही. शेवटचं कनेक्शन नीट बंद झालं तर एसक्यूलाइट स्वतःच सगळं उतरवून ती फाइल काढून टाकतं, नाही झालं तर ती तशीच पडून राहते. पुढच्या वेळी प्रोग्रॅम उघडला की भरपाई होते, डेटा जात नाही, हे मान्य, पण दुकानदार रात्री पेनड्राइव्हवर फक्त डीबी, म्हणजे ती मुख्य फाइल टाकून घरी नेतो आणि त्यात आजची बिलं नसतात! पुढे हार्डडिस्क उडाली की शोधाशोध, आणि शिव्या आम्हाला.

बरं क्लोज लिहिलं म्हणजे बंद झालं असंही नाही. एखादं स्टेटमेंट (डेटाबेसला दिलेला हुकूम) फायनलाइज करायचं, म्हणजे मिटवायचं, राहिलं तर साधं क्लोज "बिझी" म्हणून परत येतं आणि कनेक्शन उघडंच राहतं, पण ती रिटर्न व्हॅल्यू बघतंय कोण. आधी मागे चालणारे थ्रेड (प्रोग्रॅममधली समांतर कामं) थांबवायचे, ते संपेपर्यंत वाट बघायची, मग स्टेटमेंट, मग कनेक्शन, ज्या क्रमाने उघडलं त्याच्या उलट. डॉटनेटमध्ये (मायक्रोसॉफ्टचं प्रोग्रॅम बनवायचं साधन) एक फोरग्राउंड, म्हणजे स्वतः संपेपर्यंत प्रोग्रॅमला धरून ठेवणारा, थ्रेड जिवंत राहिला तरी प्रोसेस मरत नाही, माझ्या दुकानांमधलं ते "आधीच चालू आहे" बहुतेक वेळा इथूनच येतं.

काही जण मग दुसऱ्या टोकाला जातात, स्वतःच्या छोट्या लायब्ररीतूनच लिबएक्सएमएल२ (एक्सएमएल फाइली वाचणारी लायब्ररी) चं ग्लोबल, म्हणजे सगळ्या प्रोसेसपुरतं, क्लीनअप कॉल करून मोकळे. त्याच प्रोसेसमध्ये दुसरा कोणी प्लगिन (वरून जोडलेला कोड) ती वापरत असेल तर त्याचं काय? तो हक्क फक्त मेन अ‍ॅप्लिकेशनचा, आणि तोही अगदी शेवटी. सर्व्हरवाले पण सुटलेले नाहीत, डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवायचं साधन) स्टॉप केलं की सिगटर्म, म्हणजे "आवरा" असा इशारा जातो, सहसा १० सेकंद वाट बघतात आणि मग थेट सिगकिल, म्हणजे जबरदस्तीने बंद, तेवढ्यात आवरलं तर आवरलं.

प्रॅक्टिकलला आउटपुट दिसला की मार्क मिळतात. परीक्षकांनी एकदा प्रोग्रॅम बंद करायला सांगून टास्क मॅनेजर आणि डेटाचं फोल्डर उघडून बघावं, अर्धा वर्ग तिथेच अडकेल. बिलिंग विकणाऱ्यांनीही बॅकअपचं बटण प्रोग्रॅमच्या आतच द्यावं. तोवर दुकानदारांनी प्रोग्रॅम पूर्ण बंद झाल्यावरच कॉपी करावी आणि डीबीच्या शेजारी त्याच नावाची डब्ल्यूएएल फाइल दिसली तर तीही सोबत घ्यावी, शेजारची एसएचएम नावाची तात्पुरती फाइल राहिली तरी चालेल, ती परत तयार होते.

आपला,
एक वाचक, सांगली