जर्मनीत फी माफ, पण पत्त्याचं काय?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

निकाल लागले की संभाजीनगर, लातूर, नांदेडच्या चौकांत ‘जर्मनीत मोफत शिक्षण’चे फलक झळकतात. बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, हे खरे. पण बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्य युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेते आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ पासून फी लावली आहे. पालक एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रे तपासल्याचा दाखला), ब्लॉक्ड अकाउंटचे (वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायचे, महिन्याला ठरावीक रक्कमच देणारे खाते) ११,९०४ युरो आणि व्हिसा यांची जुळवाजुळव करून मोकळे होतात. बर्लिन, म्युनिकसारख्या शहरात गाडी अडते ती खोलीपाशी.

तिथे राहायला गेल्यापासून १४ दिवसांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करावी लागते. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद हवा. नोंदणी झाली की करक्रमांक टपालाने येतो. तो नसेल तर पार्टटाइम कामाच्या पगारातून सर्वांत चढ्या दराने कर कापला जाऊ शकतो. बऱ्याच बँकाही खाते उघडताना हाच नोंदणीचा कागद मागतात, आणि ब्लॉक्ड अकाउंटमधले महिन्याचे ९९२ युरो अशा खात्यातच जमा होतात. म्हणजे पैसे स्वतःचे, पण हाताला लागत नाहीत. म्हणून ‘नोंदणी मिळणार नाही’ अशी अट असलेली खोली कितीही स्वस्त पडली तरी नवख्याच्या कामाची नाही.

यावर आपल्याकडचा ठरलेला तोडगा म्हणजे ‘ओळखीच्या पोराच्या पत्त्यावर नाव लावून टाक’. असे कदापि करू नये. जिथे राहायचे नाही तिथला पत्ता नोंदणीसाठी देणाऱ्याला ५०,००० युरोपर्यंत दंडाची तरतूद आहे. मदत करणारा पोरगाच गोत्यात येतो.

बर्लिनमध्ये शहरातल्या कुठल्याही नागरिक कार्यालयात नोंदणी चालते, आपल्याच भागातले हवे असे नाही. भेटीची वेळ (अपॉइंटमेंट) मिळत नसेल तर सकाळी संकेतस्थळ पुन्हा पुन्हा उघडावे, कुणी रद्द केलेल्या वेळा तिथे दिसतात.

आता टपालपेटी. तिथे पत्त्यात सहसा फ्लॅटचा नंबर नसतो. पोस्टमन घंटी आणि पेटीवरचे आडनाव वाचून पत्र टाकतो. पेटीवर नाव नसेल तर बँकेचे कार्ड, करक्रमांक, विम्याचे कार्ड, सगळे परत जाते. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. पासपोर्टवर क्रम वेगळा. पेटीवर पासपोर्टवरचेच आडनाव, त्याच स्पेलिंगने चिकटवावे.

पैशांचा हिशेब वेगळा धरावा. अनामत तीन महिन्यांच्या मूळ (हीटिंग, पाणी वगैरे खर्च सोडून) भाड्याइतकी असू शकते. म्हणजे ४०० युरोंच्या खोलीला १,२०० युरो. ती तीन हप्त्यांत भरण्याचा कायद्याने हक्क आहे, हे मुलांना कुणी सांगत नाही. शिवाय पहिले भाडे, सत्रशुल्क (फी माफ असली तरी दर सत्राला भरावी लागणारी रक्कम) आणि विम्याचे महिन्याला दीडशेच्या आसपास युरो. ब्लॉक्ड अकाउंटमधून पैसे मिळू लागेपर्यंतचे दोन हजार युरो तरी हाताशी हवेत. मात्र ‘मी परदेशात आहे, अनामत पाठवा, किल्ली कुरिअरने येईल’ म्हणणाऱ्याला त्यातला एक युरोही देऊ नये.

हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होते आणि सप्टेंबरात खोल्यांची मारामार असते. विद्यार्थी वसतिगृहाच्या प्रतीक्षायादीत, विद्यापीठात प्रवेश मिळाल्याचे पत्र हाती पडेल त्याच दिवशी नाव घालावे. व्हिसाची वाट पाहत बसू नये. महाविद्यालयांच्या मार्गदर्शन शिबिरांत विद्यापीठांच्या क्रमवारीवर तास जातो. त्यातली पंधरा मिनिटे भाडेकराराचा नमुना वाचून दाखवायला द्यावीत, ही विनंती.

– एक वाचक, नांदेड