तालमीतल्या पोरांचे मोबाईल रात्री 9 ला जमा

मंडळी, सोमवारपासनं तालमीत झोपणाऱ्या सगळ्या पोरांचे मोबाईल रात्री 9 ला वस्तादांच्या कपाटात जातील. पहाटे मेहनतीला पोरं येत्यात खरं डोळे लालभडक, बैठका मारताना जांभया, आणि असल्या गुंगीत डाव टाकला की मान नायतर खांदा दुखावतोय. स्क्रीनच्या निळ्या उजेडानं मेंदूला अजून दिवसच हाय असं वाटतं, झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा तयार होतं, वर रील्स बघून डोकं चालूच राहतं. 13 ते 18 वयाला 8 ते 10 तास झोप लागतीच, अंग भरायला लागणारं ग्रोथ हार्मोन गाढ झोपेत जास्त सुटतं, कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात लढायचं तर नुसत्या दूध-बदामावर भागत नाही. पालकांनी रात्री अर्जंट असलं तर वस्तादांनाच फोन लावा. गजराचं घड्याळ तालमीत ठेवलंय.