कोपरा कापलेली पाकिटं

मुलुंड, मुंबई
१८ जानेवारी २०२६

ती. बाबा आणि ती. आई,
शि. सा. नमस्कार.

रोज फोन होतो, मग पत्र कशाला, असं आई म्हणेल. बाबा मात्र काही न बोलता आधी पाकीट उजेडात धरून शिक्का नीट उमटलाय का ते बघतील. ते तसं बघावं म्हणूनही पत्र लिहिलं आहे. आणि फोनवर आपण बीपीच्या गोळ्या, लाइट गेली की आली आणि आंब्याला मोहोर किती, यांच्या पुढे सरकतच नाही. मला थोडं पुढचं बोलायचं आहे.

बाबा, दिवाळीत तुम्ही म्हणालात, "माळ्यावरचे अल्बम आता विकून टाक. तुझी जागा अडते. माझ्या हातात चिमटा राहत नाही." मी "बघते" म्हटलं. दोन आठवड्यांपूर्वी शनिवारी सहाही अल्बम खाली काढले, त्यांच्यामागचा बिस्किटांचा पत्र्याचा डबाही काढला. दोन अल्बम पिशवीत घालून फोर्टात एका व्यापाऱ्याकडे गेले. त्यांनी पाच-सहा पानं उलटली, भिंगसुद्धा हातात घेतलं नाही. म्हणाले, "ताई, हे किलोवारी जातं." सगळ्या सहा अल्बमांचे मिळून दोन हजार.

त्यांनी फसवलं असं मला वाटत नाही. त्यांनी कारणं सांगितली आणि ती खरी होती. बहुतेक तिकिटं वापरलेली. त्या काळी सगळेच लावत तशा तुम्ही मागे चिकटपट्ट्या लावलेल्या, त्यामुळे जी कोरी आहेत त्यांचाही डिंक गेलेला. मुंबईच्या चाळीस पावसाळ्यांनी कडांवर तपकिरी ठिपके आणलेत. आणि टपालखातं एकेक तिकीट लाखांनी छापतं, त्यामुळे जुनं म्हणजे दुर्मीळ असं होत नाही. सगळं पटलं. तरी मी पिशवी उचलली आणि समोरच्या जीपीओच्या, मोठ्या पोस्टाच्या, पायऱ्यांवर जाऊन बसले. तो माणूस तिकिटांच्या पाठी बघत होता. मला फक्त त्यांची तोंडं माहीत होती.

तिथेच एक अल्बम उघडला. पहिल्याच पानावर तुमच्या अक्षरात पेन्सिलीने, "हेल्व्हेशिया = स्वित्झर्लंड, सुओमी = फिनलंड, माग्यार = हंगेरी." शाळेत नकाशा यायच्या आधी हे देश मला असे तिकिटांवरून कळले. ब्रिटनच्या तिकिटावर देशाचं नाव नसतं, नुसता राजाचा किंवा राणीचा चेहरा असतो, कारण तिकिटं सगळ्यात आधी त्यांनी काढली, १८४० साली. हे तुम्ही मला गॅलरीत, गिरगावच्या चाळीत, दाढी करता करता सांगितलं होतं. साबणाचा फेस कानाला लागलेला होता, तोही आठवतो.

रविवारी नऊ ते अकरा आपल्या खोलीत पंखा बंद असायचा. मे महिना असला तरी बंद. तिकिटं उडतील म्हणून. पितळेच्या परातीत कोमट पाणी, त्यात ऑफिसच्या इनवर्ड टपालातून आणलेले पाकिटांचे कोपरे. मी नख घालून बघायला गेले की तुम्ही बोट हळूच बाजूला करायचात. "ओढायचं नाही. ते आपलं आपण सुटतं." वीस मिनिटांनी तिकीट खरंच कागदावरून घसरायचं. मग बोटाने मागचा डिंक पुसायचा, तिकीट वर्तमानपत्रावर पालथं घालायचं आणि सुकलं की टेलिफोन डिरेक्टरीत दाबून ठेवायचं. मी नऊ वर्षांची असताना एक लाल पाकीट सगळ्यांबरोबर पाण्यात टाकलं. रंग सुटला आणि जपानची पाच तिकिटं गुलाबी झाली. तुम्ही रागावला नाहीत. एवढंच म्हणालात, "लाल कागदाला वेगळी वाटी." परवा तिसऱ्या अल्बममध्ये जपानच्या पानावर पाहिलं. स्वच्छ तिकिटांच्या शेजारी त्या गुलाबी पाचांतलं एक तुम्ही लावून ठेवलंय. पस्तीस वर्षं मला ते माहीत नव्हतं.

चौथ्या अल्बममध्ये ती रिकामी चौकट आहे. १५ ऑगस्ट १९४८ चे चार गांधी. दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. देवनागरीत आणि उर्दूत "बापू" लिहिलेले. आपला नाशिकरोडचा छापखाना असताना ही तिकिटं स्वित्झर्लंडमध्ये छापली गेली, याचं तुम्हाला दरवेळी वाईट वाटायचं. पहिली तीन तुम्ही कॅन्टीनचे पैसे वाचवून एकेक करून घेतलीत. चौथ्यासाठी पेन्सिलीने चौकट आखलीत आणि आत "१० रु." लिहून ठेवलंत. त्या व्यापाऱ्याकडे ते तिकीट होतं. किंमत विचारली आणि ऐकून गप्प बसले. पण पैसे असते तरी मी ते घेतलं नसतं, बाबा. ती चौकट तुमची आहे. ती भरायची की तशीच ठेवायची ते तुम्ही ठरवायचं.

चंदनाच्या वासाचं २००६ चं तिकीटही सापडलं. वास आता गेलाय. पण ते आणलंत त्या संध्याकाळी आईने पोळपाट सोडून, पिठाचा हात मागे धरून नुसतं नाक पुढे केलं होतं, ते डोळ्यांसमोर आलं. आई, तुमच्या तिकिटांच्या संसारात तुझी आठवण मला तेवढीच होती. घरी येऊन डबा उघडेपर्यंत.

आई, त्या डब्यात काय आहे ते तुला आठवतंय का? मला वाटलं होतं दुहेरी तिकिटं असतील. निघाली पाकिटं. मोजली, त्रेचाळीस. प्रत्येकाचा वरचा उजवा कोपरा कापलेला. हॅम्बुर्गचं, ओसाकाचं, मँचेस्टरचं, कानपूरचं. आणि प्रत्येकाच्या कोऱ्या बाजूवर तुझ्या बारीक अक्षरात क्रोशाचे नमुने. "१२१ साखळ्या. वळून ३ साखळ्या, मग २ साखळ्या, २ सोडून १ खांब, शेवटपर्यंत." कुठे कडेला अननसाच्या नमुन्याचं चित्र, कुठे "बर्व्यांकडच्या झालरीला हाच", कुठे "दोरा ४० नंबर, दोन गुंडे पुरले नाहीत".

तिकिटाचा कोपरा बाबांनी कापून घ्यायचा आणि उरलेलं पाकीट तुझ्याकडे यायचं. एवढी वर्षं त्याच खोलीत राहून मी हे पाहिलं नव्हतं.

मी सातवीत असताना "माझी आई" या निबंधात लिहिलं होतं, "बाबांना तिकिटं जमवण्याचा छंद आहे. आईला कोणताही छंद नाही. ती दिवसभर काम करते." बाईंनी "छान" असा शेरा दिला. वहीवर पालकांची सही लागायची आणि बाबा ऑफिसात होते म्हणून सही तू केलीस. वाचून केलीस, कारण "दिवसभर" मधला ऱ्हस्व-दीर्घ तू पेन्सिलीने सुधारला होतास. काही बोलली नाहीस. आई, ते वाक्य मी आज परत घेते.

तुझी वेळ दुपारी जेवणानंतरची होती, चारला नळाला पाणी येईपर्यंतची. त्या वेळेला घरात नाव नव्हतं. "आई जरा टेकली आहे," असं आम्ही म्हणायचो. बाबांच्या दोन तासांसाठी पंखा बंद व्हायचा आणि आम्ही पायांचा आवाजसुद्धा करत नसू. तुझ्या हातात सुई असताना मात्र कुणीही हाक मारायचं, आणि तू टाका बोटाने धरून उठायचीस. रेडिओचं कव्हर, माझी टोपरी, शेजारच्या ताईच्या रुखवतातला टेबलक्लॉथ, चाळीच्या गणपतीच्या मखराची झालर. सगळं कुणाच्या तरी उपयोगाचं, म्हणून ते काम धरलं गेलं. बाबांची तिकिटं कुणाच्याच उपयोगाची नव्हती, म्हणून तो छंद ठरला. बाबा, तुम्हाला दोष देत नाही. दोरा संपला की मंगळदास मार्केटातून तुम्हीच आणायचात हे मला माहीत आहे. पण छंद हा शब्द तुमच्या वाट्याला आला आणि तिच्या नाही, हे खरं आहे. आणि तो लिहून देणारी मी होते.

मी त्यातला एक नमुना करायला घेतलाय. ऑफिसला जाताना, लेडीज डब्यात. तिथे अजूनही कोणी मटार सोलतं, कोणी पोथी वाचतं. पहिले दोन दिवस माझे खांब, म्हणजे उभे टाके, तिरके होत होते. भांडुपला चढणाऱ्या एक बाई रोज बघत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी सरळ सुई माझ्या हातातून घेतली, दोरा करंगळीला एक वेढा देऊन धरला आणि म्हणाल्या, "ताण इथे धरायचा. सुईत नाही." कुर्ला येईपर्यंत एक ओळ करून दाखवली आणि ती उसवून मला परत दिली. तू दोरा करंगळीला गुंडाळायचीस, ते मला तेव्हा एकदम आठवलं. हात बघितला होता, पण शिकले नव्हते. त्या अर्ध्या तासात मी फोन काढत नाही आता. उतरले की मान दुखते, पण डोकं मोकळं असतं.

आता माझं म्हणणं. अल्बम मी विकणार नाही. गावच्या ओलीत ते टिकणार नाहीत म्हणून इथेच राहू देत, पण माळ्यावर नाही. पुस्तकांच्या कपाटाचा मधला खण मी रिकामा केलाय. फेब्रुवारीत बाबांना हाताच्या डॉक्टरांकडे दाखवायला यायचंच आहे, तर या वेळी चार दिवसांत परत जायची घाई करू नका. महिनाभर राहा. चिकटपट्ट्यांची तिकिटं काढून नव्या पट्ट्यांच्या अल्बममध्ये घालायची आहेत. कुठलं कुठे ते बाबांनी सांगायचं, चिमटा मी धरेन. आणि आई, चिपळूणला मोतीबिंदू काढल्यापासून तुला सुईचं भोक दिसतं असं तू स्वतः म्हणालीस. ठिपके पडलेली तिकिटं ओळखायला मला तुझे डोळे लागणार आहेत. दुपारी जेवण झालं की मात्र तुला कुणी हाक मारायची नाही, हे मी घरात सांगून ठेवलंय. नातवालाही.

एक राहिलं. जीपीओत गेलेच होते म्हणून फिलाटेलीच्या, तिकिटं जमवणाऱ्यांसाठीच्या, काउंटरवरही गेले. बाबा, २०११ चं खादीच्या कापडावर छापलेलं गांधींचं तिकीट तुमच्याकडे नाही, ते मी वहीत लिहून घेतलंय. रजिस्टर टपाल २०२५ मध्ये स्पीड पोस्टात गेलं हे तुम्ही पेपरात वाचलंच असेल, त्यामुळे कोपऱ्यातला तो "आर" आता नव्या पाकिटावर मिळणार नाही. जुनी जपून ठेवलीत ते बरं झालं. आणि तिथे आपला फोटो देऊन तिकिटांचा ताव छापून मिळतो, "माय स्टॅम्प". मी आईचा गॅलरीतला फोटो दिला, मांडीवर दोऱ्याचा गुंडा असलेला. या पाकिटावर तेच लावलंय. काउंटरवर विनंती करून शिक्का समोरच मारून घेणार आहे, आईच्या चेहऱ्यावर येणार नाही असा.

बाबा, ते कापताना नेहमीसारखा चारी बाजूंनी बोटभर कागद सोडा. हात थरथरत असेल तर कात्री आईला द्या.

आई, उरलेलं पाकीट टाकू नकोस. माझा नमुना तिसऱ्या ओळीशी अडलाय. फुलाची सुरुवात तू लिहिली आहेस आणि त्यापुढे नुसतं "पुढे नेहमीप्रमाणे" असं आहे. ते नेहमीचं काय, ते मला ठाऊक नाही. पाकिटाच्या कोऱ्या बाजूवर लिहून पाठव.

तुमची,
ताई