वाचनालयाला माणसं हवीत : सभासद, ग्रामस्थ आणि मुंबईकरांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

गणपतीचा पाट मांडला की कुणाला सवड नसते, म्हणून आधीच लिहितो आहे. घाईत काही राहिलं असेल तर सांभाळून घ्यावं. ग्रंथपाल रजेवर गेले की वाचनालयाला कुलूप लावावं लागतं, अशी वेळ आपल्यावर आली आहे.

रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं. त्याच जिल्ह्यातलं आपलं वाचनालय वयानं लहान, पण ते कुणा एका धनिकानं बांधून दिलेलं नाही. परळ-लालबागच्या गिरण्यांत साच्यावर उभं राहणाऱ्या आपल्याच माणसांनी ते उभं केलं. गावकीच्या, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून मुंबईत घेतलेल्या, खोलीत महिन्याची सभा भरायची, हजेरी व्हायची, न येणाऱ्याला दंड बसायचा. त्या वर्गणीतून देवळाला, शाळेला आणि वाचनालयाला मनिऑर्डर यायची. पहिली लोखंडी कपाटं मुंबईहून बोटीनं आली आणि बंदरावरून बैलगाडीनं घाटी चढली. कपाटाच्या दाराला आतून देणगीदारांची नावं रंगवलेली आहेत. एकाही नावापुढे मोठा आकडा नाही, पण यादी दारभर आहे. आपल्या आज्याचं नाव कुठे आहे ते एकदा येऊन पाहाच. आमचे गुरुजी रात्री खळ शिजवायचे, वाळवी लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालायचे आणि फाटक्या पुस्तकांना पुठ्ठे चढवायचे. महिला मंडळानं एका संक्रांतीला वाण न लुटता त्या पैशांतून बालविभाग सुरू केला. त्या बायकांचे उपकार या गावानं विसरू नयेत.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मनिऑर्डरी आटत गेल्या. पुढे गावकीच्या खोल्या ओस पडल्या, माणसं विरार-बदलापूरला पांगली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे सगळ्या मार्गावर धावू लागली, तेव्हा वाटलं होतं की येणं-जाणं वाढेल आणि गावच्या कामाला हात मिळतील. येणं वाढलं, पण ते गणपती-शिमग्यापुरतं.

तरुणांना मी दोष देणार नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, तिथल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही पाणी शिरलं, तेव्हा आपलीच पोरं टेम्पो भरून गेली आणि घराघरांतला चिखल उपसून आली. हाक मारली की ती धावतात. दर आठवड्याला दोन तास देवघेवीच्या टेबलावर बसायला मात्र कुणी नाव देत नाही. पूर्वी त्या टेबलावरच्या पाळीसाठी भांडणं व्हायची.

मनाला लागलेली एक गोष्ट लिहितोच. गेल्या वार्षिक सभेला गणसंख्या भरली नाही. नियमाप्रमाणे सभा अर्धा तास तहकूब केली आणि त्याच जागी पुन्हा भरवली. समोर तीच माणसं, होती तिथेच बसलेली. केलेला चहा उरला. ज्यांच्या घरात तीन पिढ्या इथली पुस्तकं गेली, त्यांच्यापैकी कुणी 'येत नाही' एवढंही कळवलं नाही.

१९६७ च्या ग्रंथालय कायद्याखालचं अनुदान आहे, पण तपासणीत दर्जा उतरला की तेही उतरतं. शिवाय कार्यकारिणीवर यायला कुणी तयार नसेल, तर धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, म्हणजे नव्या कार्यकारिणीची नोंद, कुणाच्या नावानं करायचा? आम्ही सगळे साठीच्या पुढचे आहोत.

म्हणून विनंती : प्रत्येक वाडीतून दोघांनी आठवड्यातली एक संध्याकाळ, ५ ते ७, वाचनालयाला द्यावी, काम मी शिकवीन. वार्षिक सभा गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी १० वाजता वाचनालयातच. मुंबईकरांना गाडी गाठायची असते म्हणून बाराच्या आत संपवू. कार्यकारिणीसाठी नावं सभेआधी माझ्याकडे द्यावीत. पाऊस सरला की कौलं चाळायची आहेत, नियतकालिकांच्या कपाटावर गळतं आहे. जिन्नस किंवा मजुरी दोन्ही चालेल. देणगी रोख अथवा चेकनं, चेक संस्थेच्याच नावे, आणि पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. दिवाळी अंकांसाठी की कौलांसाठी, ते पावतीवर लिहून घ्यावं. जुनी पुस्तकं हवीत, शाळेची गाईडं नकोत. आजीव सभासदांनी नवे पत्ते कळवावेत, सभेच्या नोटिसा परत येत आहेत.

आपला नम्र,
चिटणीस
(कार्यकारिणीच्या वतीने)