छायाचित्रांपेक्षा किस्से जपा

‘सहलीतला प्रत्येक क्षण कॅमेऱ्यात टिपा’ असा सल्ला देणारा रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. आठवणी जपायला हव्यात हे मान्य, पण हा मार्ग पटला नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, संग्रहालयातील ज्या वस्तूंचे छायाचित्र काढले होते, त्या नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. (एखाद्याच तपशिलावर कॅमेरा रोखला, तेव्हा मात्र ही घट दिसली नाही, हेही सांगायला हवे.)

आमच्या घरात तीस वर्षांनंतरही निघतो तो किस्सा सूर्योदयाचा. मोठ्या काकांनी 13 जणांना पहाटे उठवून टेकडीवर नेले. तासभर आम्ही कुडकुडत पश्चिमेकडे डोळे लावून बसलो आणि सूर्य पाठीमागून उगवला! सर्वांत मोठ्याने हसले ते काकाच. त्या सकाळचे एकही छायाचित्र नाही. तरी कोणाच्या अंगावर कोणती शाल होती, यावर आजही वाद रंगतो.

असे किस्से घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवा, असे आपण वाचकांना आवर्जून सुचवावे.

– एक वाचक