चित्रकथेचा वेग आणि चौकटींमधली मोकळी जागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वाचकांच्या सदरात अलीकडे एका पत्रलेखकाने असे मत मांडले होते की, बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली तरुण मुले मोबाइलवर वाचण्यासाठी मराठी चित्रकथा करू लागली आहेत ही आनंदाची गोष्ट असली, तरी आजच्या वाचकाला धीर नसल्यामुळे त्या कोणी शेवटपर्यंत वाचत नाही. मी खानापूर तालुक्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालो असून गेले वर्षभर माझ्या भाचीला तिच्या वेबकॉमिकच्या कामात मदत करीत आहे. या अनुभवावरून मला वाचकाला दिलेला हा दोष मान्य नाही. वाचक मध्येच सोडून जातो, कारण कथा नको तिथे रेंगाळते आणि हवी तिथे थांबत नाही. आणि हे बहुतेक वेळा चित्र कच्चे असल्यामुळे नव्हे, तर दोन चौकटींमध्ये किती जागा सोडायची याचा हिशेब न केल्यामुळे होते.

छापील पानावर चित्रकाराला एक सोय असते. उजव्या पानाच्या तळाशी दार वाजते आणि पान उलटल्यावरच दारात कोण आहे ते कळते, म्हणजे उत्सुकता ताणण्याचे निम्मे काम कागदच करतो. मोबाइलवर पान उलटणे नाही. दक्षिण कोरियात दाउम या संकेतस्थळाने २००३ मध्ये आणि नेव्हरने २००४ मध्ये चित्रकथांचे स्वतंत्र दालन उघडले, आणि पुढे तिथूनच वरून खाली सरकत जाणारी लांब पट्टी जगभर रूढ झाली. या पट्टीत वाचकाच्या डोळ्यांसमोर एका वेळी जेमतेम एखाददुसरी चौकट असते आणि पुढची केव्हा यावी हे त्याचा अंगठा ठरवतो.

चित्रे दाखवत गाऊन गोष्ट सांगणाऱ्या आपल्याकडच्या चित्रकथींची गोष्ट नेमकी याच्या उलट आहे. आंबोली घाट उतरून कुडाळकडे गेले की पिंगुळी लागते. तिथल्या ठाकर समाजातल्या कलावंतांनी जपलेल्या या परंपरेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. चित्रकथी एक चित्र समोर धरतो, त्यावरचे गाणे आणि निरूपण पुरे होईपर्यंत ते हलवत नाही आणि मगच पुढचे चित्र घेतो, म्हणजे गोष्टीचा वेग सर्वस्वी सांगणाऱ्याच्या हातात असतो. वेबकॉमिक करणाऱ्याच्या हातातून तो निसटलेला आहे आणि त्याच्याकडे उरले आहे ते फक्त अंतर. मोकळी सोडलेली उभी जागा म्हणजेच इथे काळ, एवढे ध्यानात आले की पुढच्या पुष्कळ गोष्टी सोप्या होतात.

बेळगावकरांना हे समजावून सांगण्याची खरे तर गरज पडू नये. शिवजयंतीच्या मिरवणुकीत रात्री रामदेव गल्लीत किंवा खडे बाजारात कडेला उभे राहून आपण चित्ररथ पाहतो, तेव्हा आपण जागचे हलत नाही आणि जिवंत देखावे आपल्यासमोरून सरकत जातात. एक रथ पुढे गेल्यावर दुसरा येईपर्यंत रस्ता मोकळा असतो, लांबून ताशाचा आवाज येत असतो, लहान मुले वडिलांच्या खांद्यावर चढून माना उंचावून पाहत असतात. त्या रिकाम्या रस्त्यामुळेच पुढचा देखावा समोर आल्यावर अंगावर काटा येतो. रथ एकमेकांना चिकटून आले तर कोणता देखावा कोणत्या मंडळाचा हेही कळत नाही, आणि फारच रखडले तर माणसे चहाला निघून जातात.

भाचीच्या कथेत जांबोटीच्या बाजूच्या एका खेड्यातली आजी आहे. तिचा मुलगा बऱ्याच वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला असून एका पावसाळी रात्री दार वाजते, असा प्रसंग होता. भाचीने सगळ्या चौकटी सारख्या उंचीच्या आणि सारख्या अंतरावर मांडल्या होत्या. तो भाग आम्ही शेजारपाजारच्या चौघांना वाचायला दिला आणि बाजूला बसून त्यांच्या चेहऱ्याकडे न पाहता अंगठ्याकडे पाहिले. (हा उपाय मी प्रत्येक चित्रकाराला सुचवीन, कारण तोंडावर सगळे छानच म्हणतात.) आजी कंदील घेऊन उठते तिथेच पुढच्या चौकटीतला मुलाचा चेहरा पडद्याच्या खालच्या कडेला दिसत होता, त्यामुळे दार उघडण्याआधीच दार उघडले होते. चौघांपैकी एकाचाही अंगठा तिथे थांबला नाही.

मग आम्ही एकही चित्र न बदलता फक्त जागा बदलली. कडी काढणाऱ्या हाताच्या चौकटीखाली दीड पडदाभर नुसता काळोख ठेवला, त्यात तिरप्या पावसाच्या चार रेघा, आणि त्याच्याही खाली चेहरा. फोनच्या उंची वेगवेगळ्या असल्यामुळे हे अंतर सर्वांत लांब पडद्याच्या फोनवर तपासून घेतले. त्याच चौघांना आता प्रसंग माहीत होता, तरीही काळोखाशी त्यांचे अंगठे मंदावले.

या यशाने भाची मोकळ्या जागेच्या इतकी प्रेमात पडली की, पुढच्या भागात आजी चहा टाकते तिथेही तिने पडदाभर जागा सोडली. चहासाठी एवढे थांबायला वाचक पाहुणा थोडाच आहे! धावपळीच्या प्रसंगात तर चौकटी जवळ आणाव्या, क्वचित एकीची कड दुसरीवर चढवावी, म्हणजे अंगठा आपोआप भरभर चालतो. लांब अंतर परिणाम करते ते आधीची अंतरे आखूड असल्यामुळेच.

शब्दांचाही वेगाशी तितकाच संबंध आहे आणि आमच्या सीमाभागात तो जरा अधिक गुंतागुंतीचा आहे. इथल्या बसमध्ये कंडक्टर कन्नडात ‘मुंद होग्री’ म्हणाला तर बेळगावचा वाचक चौकटीतल्या माणसांबरोबर पुढे सरकतो, पण पुण्याचा वाचक अडतो. म्हणून मुले संवादाच्या फुग्यातच कंसात मराठी अर्थ देतात किंवा चौकटीखाली तळटीप लिहितात, आणि गर्दीच्या, घाईच्या प्रसंगात डोळा दोनदा ठेचकाळतो. त्यापेक्षा पुढच्या चौकटीत एखाद्या बाईला ‘अहो, पुढं तरी कुठं सरकू, जागा हाय काय?’ असे म्हणू द्यावे. अर्थ कळतो आणि बसही थांबत नाही. ज्या चौकटीत वाचकाने रेंगाळावे असे वाटते तिथे दोन वाक्ये जास्त चालतील, परंतु मारामारीच्या चौकटीत पंधरा-वीस शब्दांचा फुगा टाकला तर उगारलेली काठी तो वाचून होईपर्यंत हवेतच राहते.

भागांच्या अंतराविषयी थोडेच लिहितो. दर आठवड्याला भाग देण्याची घोषणा करून तिसऱ्या आठवड्यात दमणारी मुले मी पाहिली आहेत; मग भाग भरण्यासाठी एकच संभाषण दहा चौकटींत ताणले जाते. संपूर्ण कथेचा कच्चा आराखडा आधी करावा, चार-पाच भाग हाताशी ठेवूनच पहिला प्रसिद्ध करावा आणि झेपत नसेल तर पंधरवड्याचा वायदा करावा. प्रत्येक भागाच्या आरंभी मागची हकिकत सांगण्याचाही मोह आवरावा, कारण पुढे कोणी सगळे भाग एका बैठकीत वाचायला घेतले तर त्याला तीच हकिकत पुनःपुन्हा ऐकावी लागते.

आता आपल्याला एक विनंती. आपल्या रविवारच्या पुरवणीत नवोदितांची पानभर चित्रकथा येते आणि तेच छापील पान जसेच्या तसे ई-आवृत्तीत दिसते. फोनवर ते वाचताना बोटांनी मोठे करावे लागते, डावीउजवीकडे ओढावे लागते, आणि पुष्कळदा शेवटची चौकट पहिलीच्या आधी नजरेस पडते. छापील पान आहे तसे राहू द्यावे. मात्र ई-आवृत्तीसाठी त्याच चौकटी सुट्या करून, मधली अंतरे स्वतः चित्रकाराला ठरवू देऊन, उभ्या पट्टीत द्याव्यात. आठशे पिक्सेल रुंदीची पट्टी साधारणपणे सर्व फोनवर नीट दिसते. हे काम मुले आनंदाने करतील, परंतु त्यासाठी चौकटी सुट्या द्यायच्या आहेत हे त्यांना चित्रे काढण्यापूर्वीच कळले पाहिजे. त्यामुळे पुढच्या वेळी साहित्य मागवताना आपल्या निवेदनात तेवढी एक ओळ घालावी.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक,
खानापूर, जि. बेळगाव